उपसंपादकाचें शिक्षण घरबसल्या होईल काय?

सकाळीं वर्तमानपत्र हातांत घेतलें म्हणजे आपली दृष्टि प्रथम मथळ्यावर जाते, मग बातमीवर, आणि बातमीदाराचें नांव छापलेलें असल्यास क्वचित् त्या नांवावर. परंतु ज्या हातानें त्या बातमीला मथळा घातला, तिच्यांतील पसारा आवरला, आंकडे ताडून पाहिले आणि एखादें घातक विशेषण वेळींच खोडून टाकलें, त्या हाताच्या धन्याचें नांव कोठेंच छापलेलें नसतें. हा हात उपसंपादकाचा. त्याचें काम उत्तम झालें तर तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. बिघडलें तर मात्र साऱ्या गांवाच्या लक्षांत येतें. अशा या अज्ञात कारागिराचें शिक्षण घरीं बसून, टपालानें किंवा आजच्या काळांत संगणकाच्या पडद्यावरून, होऊं शकेल काय, या प्रश्नाचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम उपसंपादक करतो काय, हें स्पष्ट करून घेऊं. नांवावरून तो संपादकाचा मदतनीस वाटतो. परंतु संपादक अग्रलेखांत मत मांडतो आणि उपसंपादक बातमीवर संस्कार करतो. बातमीदार, गांवोगांवचे वार्ताहर आणि वृत्तसंस्था यांच्याकडून कचेरींत जो मजकूर येतो त्यास धंद्याच्या भाषेंत ‘कॉपी’ म्हणतात. ही कॉपी समोर आली कीं उपसंपादकाचीं पांच कामें सुरू होतात. ती छापण्यायोग्य आहे कीं नाहीं हें ठरविणें. तिच्यांतील नांवें, तारखा व बेरजा तपासणें. भाषा दुरुस्त करणें. दिलेल्या जागेंत बसेल इतकी ती कापणें. आणि शेवटीं तिला मथळा देणें. हें सर्व घड्याळाच्या काचांत करावयाचें. कारण दूरच्या तालुक्यांकडे जाणारी डाक आवृत्ति आधीं सुटते, शहर आवृत्ति मागाहून निघते, आणि गाडी कोणाच्याही सुंदर वाक्यासाठीं थांबत नाहीं.

मराठी उपसंपादकास याखेरीज सहावें काम असतें, तें भाषांतराचें. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ सुरू केलें, तेव्हांच त्याच्या पानावर एका रकान्यांत इंग्रजी व शेजारच्या रकान्यांत मराठी मजकूर असे. म्हणजे मराठी वृत्तपत्र आणि भाषांतर हीं जुळीं भावंडें होत. वृत्तसंस्थांचा बराच मजकूर अद्यापि इंग्रजींतून येत असल्यामुळें तें नातें आजही तुटलेलें नाहीं. १९५५ सालीं श्रमिक पत्रकारांविषयीं जो कायदा झाला, त्यांतील पत्रकाराच्या व्याख्येंत संपादक व बातमीदार यांच्याबरोबर उपसंपादकाचाही स्पष्ट उल्लेख होता, यावरून या कामाचें महत्त्व ध्यानांत यावें.

हें काम शिकविणाऱ्या शाळा आपल्याकडे फार जुन्या नाहींत. पूर्वीं होतकरू तरुण कचेरींत शिरे, मुद्रितें तपाशी, तारांचें भाषांतर करी, वरिष्ठांचीं बोलणीं खाई आणि असा कांहीं वर्षांनीं तयार होई. पुढें लाहोरास पंजाब विद्यापीठानें १९४१ सालीं वृत्तपत्रविद्येचा वर्ग काढला; नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत १९५२ च्या सुमारास असें शिक्षण सुरू झालें; दिल्लीस भारतीय जनसंचार संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. हीं सर्व शहरें मोठीं. जो मुलगा किंवा जी मुलगी तालुक्याच्या गांवीं पोटासाठीं नोकरी करीत आहे, तिच्यापासून हे वर्ग पूर्वींही दूर होते आणि आजही दूरच आहेत.

या दूरत्वावर उपाय म्हणून निघालेली टपालाची शिक्षणपद्धति मात्र बरीच जुनी आहे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनीं आपल्या लघुलेखनाचे धडे टपालानें पाठवून, विद्यार्थ्यांनीं लिहून धाडलेले उतारे तपासून परत करण्याची रीत पाडली. लघुलेखन ही बातमीदाराचीच विद्या. म्हणजे टपालशिक्षण आणि वृत्तपत्रें यांची सोयरीक पहिल्यापासूनची आहे. १९२० सालीं मॅक्स पेंबर्टन यांनीं लंडनमध्यें पत्रकारितेची जी शाळा काढली, तिनेंही टपालानें शिकविण्याचा मार्ग चालविला. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारां शिक्षण सुरू केलें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, व या दोहोंनीं वृत्तपत्रविद्येचें शिक्षण घरोघरीं नेण्याचा उद्योग केला.

यावर जुने पत्रकार एक आक्षेप घेतात, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, “पोहणें कधीं टपालानें शिकतां येईल काय? उपसंपादकी ही टेबलावर शिकण्याची गोष्ट. पुस्तक वाचून ती कशी येणार?” पुस्तक वाचून ती येणार नाहीं, हें खरेंच. परंतु टपालाचें शिक्षण म्हणजे केवळ पुस्तक वाचणें नव्हे. त्याचें मर्म स्वाध्यायांत आहे. विद्यार्थी एक काम करून पाठवितो. दूर बसलेला शिक्षक त्याच्या समासांत खुणा करून, कांहीं खोडून, कांहीं विचारून तें परत धाडतो. आतां उपसंपादकाचें काम तरी दुसरें काय आहे? ज्याचें तोंड आपण पाहिलेलें नाहीं अशा माणसाचा मजकूर हातीं घ्यावयाचा, आणि त्याच्याशीं एक शब्दही न बोलतां तो सुधारावयाचा, हाच त्याचा धंदा. पोहणाऱ्याला पाणी लागतें, सुताराला लांकूड लागतें. उपसंपादकाला लागतो तो मजकूर, आणि मजकूर टपालांतून जाऊं शकतो. म्हणून जीं कामें दुरून शिकतां येतील, त्यांत याचा क्रम वरचा लागेल असें मला वाटतें.

हें मी केवळ तर्कानें म्हणत नाहीं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या गांवीं एका पतसंस्थेंत लिखापढीचें काम करते. घरीं सासूबाईंचें दुखणें, मूल लहान. शहरांत जाऊन दोन वर्षें राहणें तिला शक्य नाहीं. तिनें दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम घेतला आहे, आणि तपासलेले स्वाध्याय परत आले म्हणजे ते घेऊन ती माझ्याकडे येते. माझा जन्म वह्या तपासण्यांत गेला असल्यामुळें दुसऱ्याच्या तांबड्या शाईविषयीं मला स्वाभाविकच कुतूहल वाटतें. तिच्या स्वाध्यायांतील दोनतीन उदाहरणें सांगितलीं म्हणजे हें शिक्षण कसें चालतें तें आपल्या ध्यानांत येईल.

पहिल्या स्वाध्यायांत तिला एक कच्ची बातमी सुधारावयास दिली होती. ती अशी: ‘येथील ग्रामपंचायतीच्या भव्य प्रांगणांत काल सायंकाळीं पांच वाजतां सरपंचांच्या अध्यक्षतेखालीं ग्रामसभा मोठ्या उत्साहांत संपन्न झाली. दीपप्रज्वलनानंतर मान्यवरांचे सत्कार करण्यांत आले. अनेक वक्त्यांनीं समयोचित विचार व्यक्त केले. विहिरीची पातळी खालावल्यामुळें येत्या सोमवारपासून नळाचें पाणी एक दिवसाआड न सोडतां दर चार दिवसांनीं सोडण्यांत येईल, असें शेवटीं सांगण्यांत आलें. आभारप्रदर्शनानें कार्यक्रमाची सांगता झाली.’

तिनें ‘भव्य’ खोडलें, ‘समयोचित’ खोडलें, दोन वाक्यें जोडलीं आणि मजकूर स्वच्छ करून पाठविला. व्याकरणाची एकही चूक राहिलेली नव्हती. तरी गुण निम्मे मिळाले. समासांत शिक्षकांनीं एवढेंच लिहिलें होतें: ‘भाषा शुद्ध. परंतु हंडा घेऊन नळापाशीं उभी असलेली बाई यांतील कोणतें वाक्य प्रथम वाचूं इच्छील?’ ती मला म्हणाली, “गुरुजी, शाळेंत आपण चुकीचे गुण कापीत होतां, येथें चूक नसतांना गुण गेले.” मीं तिला सांगितलें, “बाळ, आम्ही शाळामास्तर लिहिणाऱ्याकडे पाहून वही तपासतों. हे लोक वाचणाऱ्याकडे पाहून तपासतात. भेद आहे तो इतकाच. पण तो फार मोठा आहे.”

दुसऱ्या खेपेस तिनें पाठविलेला मजकूर असा होता. मथळा: ‘सोमवारपासून चार दिवसांनीं एकदां पाणी’. बातमी: ‘विहिरीची पातळी खालावल्यामुळें येत्या सोमवारपासून गांवांत नळाचें पाणी एक दिवसाआड न येतां दर चार दिवसांनीं येईल. हा निर्णय काल ग्रामसभेंत जाहीर करण्यांत आला.’ आणि खालीं वार्ताहरासाठीं तीन प्रश्न: पाणी किती वाजतां सुटेल? वाड्यांना तोच नियम आहे काय? टँकरची मागणी केली आहे काय? या खेपेस शिक्षकांनीं बातमीपेक्षां या तीन प्रश्नांनाच अधिक गुण दिले. वृत्तपत्रविद्येच्या पुस्तकांत या रचनेस ‘उलटा मनोरा’ म्हणतात. सर्वांत महत्त्वाचें तें वर, कमी महत्त्वाचें तें खालीं. तिच्यामागील कारण मात्र व्यवहाराचें आहे. पानावर जागा अपुरी पडली तर बातमी खालून कापतात. मूळ मजकूर तसाच ठेवून शेवटचीं दोन वाक्यें कापलीं असतीं, तर सत्कार छापले गेले असते आणि पाणी गेलें असतें.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. एका स्वाध्यायांत पोलिसांनीं दुकानफोडीच्या प्रकरणीं एका इसमास पकडल्याची हकीकत होती. तिनें मथळा दिला, ‘दुकान फोडणारा अट्टल चोर जेरबंद’. मथळा ठसठशीत होता, कोणत्याही पानावर शोभला असता. शिक्षकांनीं ‘अट्टल चोर’ या दोन शब्दांभोंवतीं वर्तुळ काढून विचारलें होतें, ‘न्यायालयानें ठरविलें काय?’ आणि खालीं सुचविलें होतें, ‘दुकानफोडीच्या संशयावरून एकास अटक’.

श्रोतेहो, या दोन मथळ्यांमधील अंतर केवळ शब्दांचें नाहीं. पोलीस ज्याला पकडतात तो संशयित. न्यायालयापुढें ज्याच्यावर आरोप ठेवला जातो तो आरोपी. आणि पुरावा होऊन ज्याच्याविरुद्ध निकाल लागतो तोच दोषी. या तीन पायऱ्या चढावयास पुष्कळदां वर्षें लागतात, आणि कित्येक माणसें मधल्याच पायरीवरून निर्दोष सुटून घरीं येतात. परंतु मथळ्यानें त्यांना पहिल्याच दिवशीं शेवटच्या पायरीवर नेऊन बसविलेलें असतें. लहान गांवांत असा मथळा पुसला जात नाहीं. सुटकेची बातमी आलीच तर आंतल्या पानावर चार ओळींची येते. तोंवर दुकानदारानें उधारी बंद केलेली असते, मुलीचें ठरत आलेलें लग्न मोडलेलें असतें. दोन शब्दांऐवजीं दुसरे दोन शब्द घातल्यानें बातमीचें कांहींच बिघडत नाहीं, आणि एका कुटुंबाचें पुष्कळ कांहीं वांचतें. हें ज्याला एकदां मनोमन पटलें तो उपसंपादक झाला. बाकीचें कसब मागाहून येतें.

याच जातीचा आणखी एक नियम आहे, आणि तो कायद्याचा आहे. अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचें नांव किंवा तिची ओळख पटेल असा मजकूर छापणें हा गुन्हा आहे. पूर्वीं हा नियम भारतीय दंडसंहितेच्या २२८-अ या कलमांत होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमांत आला आहे. बालकांसाठीं २०१२ च्या कायद्यांतही असाच निर्बंध आहे. नवशिक्यास वाटतें कीं नांव गाळलें म्हणजे झालें. परंतु नांव गाळून गांव दिलें, शाळा दिली, वडिलांचा धंदा दिला, तर त्या गांवांत नांव छापल्यासारखेंच होतें. एका वर्तमानपत्रानें गांव दिलें आणि दुसऱ्यानें नातें दिलें, तरी दोन्ही वाचणाऱ्यास ओळख पटते. कोणता तपशील गाळावा, हें शिकविण्यासाठीं शिक्षकानें समोर उभें राहण्याची गरज नाहीं. परंतु समासांत प्रश्न विचारणारा कोणी तरी हवाच.

आतां भाषांतराकडे वळूं. येथें कोशावर विसंबणारा हमखास फसतो. रेल्वेच्या बातमींत ‘स्लीपर’ हा शब्द आला तर तो रुळांखालील आडव्या तुळयांविषयीं असूं शकतो. झोंपलेल्या प्रवाशांशीं त्याचा संबंध नसतो. विधिमंडळाच्या बातमींतील ‘व्हिप’ म्हणजे चाबूक नव्हे, पक्षादेश. ‘टेबल’ हें क्रियापद तर मोठें फसवें आहे. ब्रिटिश संसदेच्या भाषेंत प्रस्ताव चर्चेसाठीं मांडणें असा त्याचा अर्थ होतो, आणि अमेरिकेंत तोच प्रस्ताव बाजूस ठेवून देणें असा नेमका उलट. बातमी लंडनहून आली कीं वॉशिंग्टनहून, हें पाहिल्यावांचून त्या शब्दास हात लावूं नये.

आंकड्यांचेंही तसेंच. एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हें पाठ असूनही घाईंत एखादें शून्य गळतें. आणि १९७४ पूर्वींच्या ब्रिटिश सरकारी लिखाणांत बिलियन म्हणजे एक लाख कोटी धरीत, हें ठाऊक नसल्यास जुना आंकडा उद्धृत करतांना हजारपट घोंटाळा होतो. व्याजाचा दर सहा टक्क्यांवरून सात टक्के झाला, तर ‘दर एक टक्क्यानें वाढला’ असें सर्रास लिहितात. वास्तविक ती वाढ सुमारें सतरा टक्के आहे, म्हणून ‘सहावरून सात टक्के’ असें सरळ लिहावें. वॉशिंग्टनमध्यें हिंवाळ्यांत बुधवारीं रात्रीं नऊ वाजतां घडलेली गोष्ट आपल्या घड्याळाप्रमाणें गुरुवारीं सकाळीं साडेसात वाजतां घडलेली असते. उन्हाळ्यांत त्यांचीं घड्याळें एक तास पुढें सरकतात, तेव्हां आपल्याकडे साडेसहाच वाजलेले असतात. ‘काल’ आणि ‘आज’ हे दोन साधे शब्दसुद्धां उपसंपादकास हिशेब करून लिहावे लागतात.

आकाशवाणीसाठीं बातमी तयार करावयाची असेल तर आणखी एक पथ्य आहे. वाचक मागें जाऊन वाक्य पुन्हां वाचूं शकतो; श्रोत्यास ती सोय नाहीं. म्हणून वाक्य लहान ठेवावें, नांवाआधीं हुद्दा सांगावा, आणि मोठा आंकडा शक्य तेथें ‘सुमारें’ म्हणून सुटसुटीत करावा. स्वाध्याय लिहून झाला कीं मोठ्यानें वाचावा. जेथें धाप लागेल तेथें वाक्य तोडावें.

येथवर दूरशिक्षणाची बाजू मांडली. आतां त्याच्या उणिवा सांगणें प्राप्त आहे. दोन गोष्टी टपालानें येत नाहींत: एक घड्याळ आणि दुसरा शेजार. घरीं स्वाध्याय लिहावयास आठ दिवस मिळतात; कचेरींत तेंच काम वीस मिनिटांत उरकावें लागतें. घरीं शंका आली तर ती वहींतच राहते, कचेरींत शेजारच्या खुर्चीवरील वडीलधारा माणूस मान वर न करतां सांगतो, “त्या आमदारांचें आडनांव तपास रे, त्या नांवाचे दोघे आहेत.” या दोन उणिवा विद्यार्थ्यानें स्वतः भरून काढल्या पाहिजेत, आणि त्या भरून काढतां येतात.

घड्याळासाठीं उपाय असा. महाराष्ट्र शासनाचें माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि केंद्र सरकारचें पत्र सूचना कार्यालय यांचीं प्रसिद्धीपत्रकें आतां कोणासही संगणकावर वाचावयास मिळतात. रोज सायंकाळीं एक पत्रक घ्यावें, घड्याळ समोर ठेवावें, आणि अर्ध्या तासांत त्याची दीडशें शब्दांची बातमी व पांच शब्दांचा मथळा करावा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवच्या वाचनालयांत जाऊन तीन वर्तमानपत्रांनीं त्याच पत्रकाचें काय केलें तें पहावें. पत्र सूचना कार्यालयाचीं कांहीं पत्रकें इंग्रजींत व मराठींत अशीं दोन्ही असतात. आधीं इंग्रजीवरून स्वतः भाषांतर करावें आणि मग सरकारी मराठीशीं ताडून पहावें. कोठें आपलें बरें उतरलें आणि कोठें त्यांचें, हें प्रामाणिकपणें एका वहींत लिहीत जावें. वर्षभर असा अभ्यास केल्यास तीनशेंहून अधिक बातम्या हातांखालून जातील. मोल्सवर्थचा कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आतां संगणकावर पाहतां येतात, तेव्हां साधनांच्या अभावाची सबब पूर्वींइतकी उरलेली नाहीं.

शेजारासाठीं उपाय असा कीं एक वाचणारा मिळवावा. तो पत्रकार नसला तरी चालेल. किंबहुना नसलेलाच बरा. आपण तयार केलेली बातमी त्याला एकदांच वाचून दाखवावी आणि विचारावें, “काय झालें तें सांगा पाहूं.” त्याला सांगतां आलें नाहीं तर दोष त्याच्या कानांचा नाहीं. माझ्या विद्यार्थिनीनें हा मान आपल्या सासूबाईंना दिला आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या म्हणतात, “अगं, कोण कोणाला म्हणालं तेंच कळलं नाहीं.” त्यांना परीक्षकाचें मानधन कोणी देत नाहीं, एवढेंच. याखेरीज तालुक्याच्या ठिकाणीं एखादें साप्ताहिक निघत असेल, तर त्याच्या चालकांस विनंति करून अंक तयार होण्याच्या दिवशीं तेथें बसावें आणि मुद्रितें तपासून द्यावीं. अशी फुकटची मदत नाकारणारा साप्ताहिकाचा चालक विरळा.

अभ्यासक्रम निवडतांनाही सावध रहावें. दूरशिक्षणाच्या नांवाखालीं नुसता कागद विकणाऱ्यांची वाण नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं त्या संस्थेस विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणासाठीं मान्यता आहे काय, हें आयोगाच्या यादींत स्वतः पहावें. मग संस्थेस तीन प्रश्न विचारावे. स्वाध्याय तपासून, शेरे लिहून परत मिळतात काय? तपासणारांनीं स्वतः कधीं वृत्तपत्राच्या टेबलावर काम केलें आहे काय? आणि सरावाचा मजकूर मराठी वृत्तपत्रांतील खरा आहे, कीं इंग्रजी पुस्तकांतून उतरविलेला? पहिल्याच प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर पुढचे दोन विचारण्याची गरज नाहीं. कारण परत न येणारा स्वाध्याय म्हणजे विहिरींत टाकलेला दगड. जी संस्था नोकरीची हमी देते तिच्यापासून तर चार हात दूरच रहावें. प्रशस्तिपत्रामुळें कचेरीचें दार किलकिलें होईल. परंतु आंत टिकणें हातांतल्या कसबावरच अवलंबून आहे.

शेवटीं एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. संगणकाकडून लेखन करवून घेण्याचीं साधनें २०२२ सालच्या अखेरीपासून सर्वांच्या हातीं आलीं. तेव्हां पुष्कळ लोक विचारतात कीं यंत्र क्षणार्धांत भाषांतर करतें, मथळेही देतें. मग हें कष्टाचें शिक्षण घ्यावें कशाला? यंत्र भाषांतर करतें हें खरें, आणि कचेऱ्यांतून त्याचा उपयोग होऊं लागला आहे हेंही खरें. परंतु यंत्राचा मजकूर म्हणजेही शेवटीं एक कॉपीच. ती सफाईदार असते, हाच तिच्यांतला धोका. कारण अडखळणाऱ्या वाक्यापाशीं डोळा थांबतो आणि गुळगुळीत वाक्यावरून घसरून जातो. ‘न्यायालयानें ठरविलें काय?’ हा प्रश्न यंत्राच्या मजकुरालाही कोणी तरी विचारावाच लागेल, आणि उत्तर चुकलें तर त्या माणसाच्या दारीं जाऊन क्षमा मागण्याची जबाबदारी यंत्र घेणार नाहीं. लिहिणारे हात जितके स्वस्त होतील, तितकी तपासणाऱ्या डोळ्यांची गरज वाढेल. ते डोळे वर्तमानपत्राच्या कचेरींतच लागतात असें नाहीं. सहकारी संस्थेचा अहवाल, शाळेचें नियतकालिक, सरकारी परिपत्रक, जेथें जेथें एक मनुष्य लिहितो आणि हजार वाचतात, तेथें तेथें ते लागतात.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें: होय, उपसंपादकाचें शिक्षण घरबसल्या होईल, मात्र तें पुस्तकांच्या गठ्ठ्यानें होणार नाहीं, परत येणाऱ्या स्वाध्यायानें होईल. ज्या अभ्यासक्रमांत समासांतील प्रश्न आहे आणि ज्या विद्यार्थ्यांत त्या प्रश्नापुढें आपलें आवडतें वाक्य खोडण्याची तयारी आहे, तेथें मधलें शंभर कोसांचें अंतर आड येत नाहीं. माझ्या विद्यार्थिनीच्या टेबलावर अद्यापि कोणत्याही वर्तमानपत्राची कॉपी आलेली नाहीं, आणि केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं. परंतु परवां पतसंस्थेच्या सूचनाफलकावर थकबाकीदारांची यादी लागावयाची होती. तिचा मथळा ‘कर्जबुडव्यांचीं नांवें’ असा लिहून आला होता. तिनें व्यवस्थापकांना विचारलें, “साहेब, यांतल्या दोघांचे हप्ते मागच्याच आठवड्यांत जमा झाले आहेत, आणि बाकीच्यांनीं कर्ज बुडविलें असें अजून कोणी ठरविलें आहे का?” त्या दिवशीं यादी फलकावर लागली नाहीं, दोन नांवें गाळून आणि मथळा बदलून ती दुसऱ्या दिवशीं लागली.